रॅप, अलॉय, स्टिरिओ: गाडीतले बदल विमा कंपनीला कसे कळवायचे

आधी तुमच्या पॉलिसीची पीडीएफ उघडा. पहिल्या किंवा दुसऱ्या पानावर आयडीव्हीचा एक आडवा तक्ता असतो. त्यात गाडीची किंमत, इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज, नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज, सीएनजी किंवा एलपीजी किट आणि शेवटी एकूण, असे रकाने असतात. बहुतेकांच्या पॉलिसीत मधले तीन रकाने शून्य असतात. गाडीला पन्नास हजारांचे अलॉय आणि तीस हजारांचा स्टिरिओ असला तरी शून्यच.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. तो उत्पादकाने जाहीर केलेल्या विक्री किमतीवरून काढतात, त्यातून वयानुसार घसारा वजा होतो. नोंदणी शुल्क, रोड टॅक्स आणि विम्याचा हप्ता त्यात धरत नाहीत. गाडी घेतल्यावर बसवलेल्या वस्तूही आपोआप त्यात येत नाहीत. इथे नवे गाडीमालक हमखास फसतात, कारण शोरूममध्येच बसवलेलं अ‍ॅक्सेसरी पॅकेज हे त्यांना गाडीचाच भाग वाटतं. तसं ते नसतं. डीलरने बसवलं, कंपनीच्या नावाचा डबा होता, बिलही डीलरचंच आहे, तरी ते एक्स-शोरूम किमतीच्या बाहेरचं आहे आणि पॉलिसीत वेगळं लिहावं लागतं.

कळवण्यामागे दोन हेतू असतात आणि ते वेगवेगळे ठेवलेले बरे. एक, बसवलेल्या वस्तूचे पैसे क्लेममध्ये मिळावेत. दुसरा, त्या वस्तूमुळे गाडीचाच क्लेम अडकू नये. सीट कव्हर कळवलं नाही तर फार तर सीट कव्हरचे पैसे बुडतात. हेडलाइटची वायर कापून केलेलं काम कळवलं नाही आणि बॉनेटखाली आग लागली, तर प्रश्न अख्ख्या गाडीचा होतो.

पहिली पायरी: यादी करा, मग चाळणी लावा

एक कागद घ्या, गाडीभोवती फिरा आणि कारखान्यातून आलं नव्हतं ते सगळं लिहा. डिकी उघडा, सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर तिथेच असतात. सीटखाली बघा. मग प्रत्येक वस्तूपुढे ती कोणत्या प्रकारात पडते ते लिहा.

मोबाइल होल्डर, मॅट, सनशेड, परफ्यूम हे सोडून द्या. कुणी विचारत नाही.

दुसऱ्या प्रकारातल्या गोष्टी फक्त विमा कंपनीला कळवायच्या. त्याच आकाराचे अलॉय, टचस्क्रीन, स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, डॅशकॅम, रिव्हर्स कॅमेरा, अ‍ॅम्बियंट लाइट, लेदरची सीट कव्हर, छोटा स्पॉइलर, साइड स्कर्ट, रूफ रेल, मूळ रंग तसाच दिसणारी पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म. आरसीवरची कोणतीही नोंद यांनी बदलत नाही.

तिसरा प्रकार आधी आरटीओ आणि मग विमा कंपनी असा आहे. रंग बदलणं, सीएनजी किट बसवणं, आसनसंख्या बदलणं, इंजिन बदलणं हे त्यात येतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. नियमात न बसणाऱ्या बदलासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं ते सांगतं.

चौथा प्रकार म्हणजे कळवून काही उपयोग नसलेल्या गोष्टी, कारण त्या मुळात चालत नाहीत. लोखंडी बुल बार (केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं आहे), फॅन्सी नंबरप्लेट, ८०५५ चा ‘बॉस’ करणारे आकडे, लाल-निळे चमकते दिवे, कर्णकर्कश सायलेन्सर. काळ्या फिल्मचंही तेच. पुढची आणि मागची काच किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचा ५० टक्के प्रकाश आत येऊ देणाऱ्या हव्यात, आणि एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वरून फिल्म चिकटवायलाच बंदी घातली. केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नियमातल्या नंतरच्या बदलाचा आधार घेऊन मर्यादेत बसणाऱ्या फिल्मला वाट करून दिली. दुकानदार त्याचा दाखला देतात खरा, पण भर चौकात हवालदाराला तो निकाल समजावून सांगायचं काम तुमच्यावर येतं. विमा कंपनी असल्या वस्तूंची नोंद करत नाही, आणि केली असं कुणी तोंडी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

रंग आणि रॅप: इथे थोडं थांबा

सजावटीच्या बदलांत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. आरसीवर रंगाची नोंद असते, पॉलिसीवरही पुष्कळदा असते. पांढऱ्या गाडीवर मॅट ग्रे विनाइल चढवलं की खालचा रंग पांढराच असतो, पण नाक्यावरचा पोलीस आणि नुकसान तपासायला येणारा विम्याचा सर्व्हेअर दोघांनाही ग्रे गाडी दिसते. रॅप काढता येतो म्हणून तो रंगबदल नाही, हे म्हणणं दुकानात ठीक आहे. अपघातानंतर सर्व्हेअरच्या फोटोत एक रंग, आरसीत दुसरा, असं झालं की फाइल बाजूला पडते आणि तुम्ही खुलासे देत बसता. पूर्ण गाडीचा रंग बदलणारा रॅप असेल तर रंगबदलाचीच प्रक्रिया करा. फक्त छत काळं केलं, आरशांवर कार्बन फायबरचं विनाइल लावलं किंवा बाजूने पट्टे मारले, तर मुख्य रंग तोच राहतो. तिथे विमा कंपनीला फोटोसकट ईमेल पुरेसा.

क्रम असा ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं लेखी ना-हरकत पत्र. मग परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून वाहनातील बदलासाठी अर्ज आणि शुल्क. परवानगी आल्यावर काम. मग आरटीओत गाडीची तपासणी आणि आरसीवर नवा रंग. त्या नव्या आरसीची प्रत घेऊन विमा कंपनीकडे. उलट्या क्रमाने गेलात, म्हणजे आधी रॅप आणि मग अर्ज, तर परवानगीआधीच काम झाल्याचं तपासणीत उघड दिसतं.

एक रंग मात्र कुठल्याही परवानगीने मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. थार किंवा जिम्नीला ‘आर्मी लुक’ देण्याची हौस जोरात आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय. दुकानातल्या नमुन्यावर नाव काहीही असो, लष्करी हिरव्याच्या आसपासची छटा असेल तर दुसरी निवडा.

रॅप करताना आणखी एक गोष्ट बघायची. एडास, म्हणजे रडार-कॅमेऱ्याने चालकाला मदत करणारी यंत्रणा, असलेल्या गाड्यांत पुढचं रडार बऱ्याचदा ग्रिलमधल्या लोगोमागे किंवा बंपरच्या प्लास्टिकमागे असतं. त्यावर धातूचा अंश असलेलं विनाइल किंवा जाड रंगाचा थर आला तर रडारला नीट दिसत नाही आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. पार्किंग सेन्सरच्या बटणांवरूनही विनाइल ओढू नका, त्यांच्याभोवती कापून घ्या. सेन्सर झाकल्याने टक्कर झाली असं सर्व्हेअरने लिहिलं तर वाद वाढतो.

दुसरी पायरी: कागद जमवा

विमा कंपनीला वस्तूची किंमत लागते, आणि किमतीचा पुरावा म्हणजे जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल. ‘कॅश दिली तर अठरा टक्के वाचतील’ म्हणणाऱ्या दुकानातली कच्ची पावती क्लेमच्या वेळी जवळपास निरुपयोगी ठरते. बिलावर गाडीचा नंबर घालून घ्या, वस्तूचं नाव, कंपनी, मॉडेल आणि असेल तर सिरीयल नंबरही. ‘अ‍ॅक्सेसरीज, एकूण रु. ६५,०००’ अशा एका ओळीच्या बिलातून काय इलेक्ट्रिकल आणि काय नॉन-इलेक्ट्रिकल ते कळत नाही. दुकानदाराकडून ओळीगणिक बिल आणि मजुरी वेगळी मागून घ्या.

बसवण्याआधीचे आणि नंतरचे फोटो काढा, नंबरप्लेट दिसेल असे. अलॉयच्या आतल्या बाजूला कोरलेला आकार आणि आयएसआय चिन्ह चाक काढलेलं असतानाच टिपून घ्या, नंतर ते दिसत नाही. मूळ स्टीलची चाकं, मूळ हेडलॅम्प, मूळ स्टिरिओ भंगारात देऊ नका. गाडी विकताना किंवा वाद झाल्यास परत बसवता येतात.

तिसरी पायरी: दोन रकाने, दोन हिशेब

वायर लागते ते इलेक्ट्रिकल, बाकी नॉन-इलेक्ट्रिकल. दोन्हींचा हप्ता वेगळ्या रीतीने लागतो. जुन्या भारतीय मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे २००२ च्या, इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी आयएमटी २४ हे एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेली वाढीव नोंद) होतं आणि दर वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के. १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे, दर खुले झाले, तेव्हा आता कंपनी वेगळा दरही लावू शकते, पण आयएमटी २४ हे नाव पॉलिसीवर अजून दिसतं आणि अंदाजासाठी ४ टक्के धरायला हरकत नाही. तीस हजारांच्या स्टिरिओसाठी वर्षाला १,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,४१६ रुपये. नॉन-इलेक्ट्रिकल वस्तूंची किंमत साधारण गाडीच्याच ओन डॅमेज दराने जाते, म्हणून ती स्वस्त पडते. या फरकामुळे काही एजंट सगळंच नॉन-इलेक्ट्रिकलमध्ये टाकतात. शे-दोनशे वाचतात आणि स्टिरिओ जळाल्यावर रकाना चुकीचा निघतो.

वस्तू जुनी असेल तर बिलाची पूर्ण किंमत लिहून चालत नाही. घसाऱ्याचा तक्ता गाडीचाच लागतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. दीड वर्षापूर्वी ४०,००० ला घेतलेल्या अलॉयची आज नोंद ३२,००० ला होते. फुगवून ४५,००० लिहिलंत तर हप्ता जास्त जाईल, पैसे मात्र हिशेबानेच मिळतील.

सिरॅमिक कोटिंग आणि पेंट प्रोटेक्शन फिल्मबाबत कंपन्या एकसारख्या वागत नाहीत. कोटिंगकडे बहुतेक ठिकाणी देखभालीचा खर्च म्हणूनच बघतात. फिल्मसाठी कंपनीला सरळ लेखी प्रश्न विचारा: याची नोंद होते का, आणि एक दरवाजा बदलला तर त्या पॅनेलच्या फिल्मचे पैसे देता का? उत्तर ‘नाही’ आलं तरी हरकत नाही. फिल्मवर दीड लाख घालायचे की नाही हे तेव्हा तुम्ही डोळे उघडे ठेवून ठरवाल.

चौथी पायरी: कधी आणि कुणाला

नवी गाडी घेताय तर पॉलिसी निघण्यापूर्वी. डीलरकडच्या विम्याच्या टेबलावर बसलेल्या माणसाला अ‍ॅक्सेसरी बिल द्या आणि मसुद्यात रकाने भरलेले दाखवायला सांगा. डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, फोटो यात हे राहतंच.

गाडी वापरात असेल तर काम झाल्याबरोबर, नूतनीकरणाची वाट न बघता. कंपनी उरलेल्या दिवसांचाच हप्ता घेते. काही कंपन्या मध्येच अ‍ॅक्सेसरीज घ्यायला टाळाटाळ करतात आणि ‘रिन्यूअलला टाका’ म्हणतात. ते उत्तर ईमेलवर मागा. तुम्ही कळवलं होतं एवढं तरी त्यातून सिद्ध होतं.

सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो, ओन डॅमेज मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी ओन डॅमेज वेगळ्या कंपनीकडून घेतला असेल तर अलॉय, स्टिरिओ वगैरेंची नोंद त्या दुसऱ्या कंपनीकडे. रंग किंवा इंधन असं आरसीवरचं काही बदललं असेल तर दोन्हीकडे.

ऑनलाइन नूतनीकरण करताना विशेष जपा. वेबसाइट गाडीचा नंबर टाकल्यावर सगळं आपोआप भरते आणि अ‍ॅक्सेसरीजच्या जागी ‘नाही’ आधीच निवडलेलं असू शकतं. गेल्या वर्षीची नोंद नव्या कंपनीकडे आपसूक जात नाही. पैसे भरायच्या आधीच्या पानावर तो आडवा तक्ता पुन्हा बघा.

पाचवी पायरी: ईमेल लिहा

फोन करू नका असं नाही, पण फोनवरच्या ‘हो सर, नोट केलंय’ला काही किंमत नाही. एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला फोटोही कंपनीपर्यंत पोचतोच असं नाही. पॉलिसीवर छापलेल्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर, नोंदणी केलेल्या आपल्या ईमेलवरून, असं लिहा:

विषय: पॉलिसी क्रमांक …, गाडी क्रमांक एमएच १२ …: बसवलेल्या वस्तूंची नोंद

महोदय,
वरील गाडीत दि. … रोजी पुढील वस्तू बसवल्या आहेत.
१. टचस्क्रीन, कंपनी व मॉडेल …, सिरीयल क्र. …, किंमत रु. ३०,००० (इलेक्ट्रिकल)
२. अलॉय व्हील, ४ नग, १६ इंच, टायर १९५/५५ आर१६, किंमत रु. ४८,००० (नॉन-इलेक्ट्रिकल)
३. छतावर काळे विनाइल, किंमत रु. ६,००० (नॉन-इलेक्ट्रिकल). गाडीचा मुख्य रंग आरसीप्रमाणेच आहे.
इंजिन, चासी, आसनसंख्या आणि इंधन यांत बदल नाही. बिले व फोटो जोडले आहेत. वरील वस्तूंची नोंद करून एन्डॉर्समेंट द्यावे, लागू होणारा हप्ता कळवावा आणि तपासणी लागणार असल्यास तिची लिंक पाठवावी. एखादी वस्तू स्वीकारता येत नसल्यास कारणासह लेखी कळवावे.

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याच्यामुळे गप्प बसणं कंपनीला अवघड जातं. उत्तरात आलेला सर्व्हिस रिक्वेस्ट क्रमांक जपून ठेवा. आठवड्यात काही हललं नाही तर त्याच ईमेलच्या साखळीत पुन्हा लिहा, नवा ईमेल सुरू करू नका.

अलॉयचा आकार ईमेलमध्ये का लिहिला, तेही बघा. मूळ टायर १८५/६५ आर१५ असेल तर चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर भरतो. १९५/५५ आर१६ घातला तरी तो तेवढाच राहतो. २०५/५५ आर१६ घातला तर ६३२ होतो, म्हणजे पावणेदोन टक्के जास्त. स्पीडोमीटर तेवढा कमी दाखवतो आणि वळणावर टायर फेंडरच्या आतल्या प्लास्टिकला घासायला लागतो. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने दिलेला आकार निवडा आणि ते ईमेलमध्ये नमूद करा. त्याबाहेर गेलात तर ही निव्वळ सजावट राहत नाही.

बेस मॉडेल घेऊन बाहेरून टॉप करणाऱ्यांसाठीही इथेच एक सूचना. पॉलिसीवर व्हेरियंट बेसच राहतो. टॉप मॉडेलचा एलईडी हेडलॅम्प फुटला आणि त्याची नोंद नसेल, तर सर्व्हेअर बेस मॉडेलच्या साध्या हेडलॅम्पची किंमत धरतो. फरक हजारांत जातो. मागच्या दरवाजावर टॉप व्हेरियंटचा बिल्ला चिकटवायचा मोहही आवरा. सर्व्हेअरच्या मनात पहिली शंका त्या बिल्ल्यानेच येते.

सहावी पायरी: तपासणी

बरेचदा मोबाइलवर लिंक येते आणि तुम्हालाच व्हिडिओ किंवा फोटो काढायचे असतात. गाडी धुऊन घ्या आणि दिवसाउजेडी, सोसायटीच्या पार्किंगमधून बाहेर काढून चित्रीकरण करा. चारही बाजू, चारही चाकं, डॅशबोर्डवर चालू इंजिनासह किलोमीटर, चासी नंबर, आरसी आणि यादीतली प्रत्येक वस्तू जवळून. स्टिरिओ चालू करून दाखवा. आधीपासूनचा पोचा किंवा ओरखडा असेल तर लपवू नका. तो ‘आधीचं नुकसान’ म्हणून लिहिला जाईल, तेवढा भाग पुढच्या क्लेममध्ये मिळणार नाही, एवढंच. लपवलेला पोचा नंतर सापडला तर बाकी यादीवरचाही विश्वास जातो.

एन्डॉर्समेंट आलं की वाचा

पीडीएफ येते आणि लोक ती न उघडता ठेवून देतात. तीन गोष्टी पडताळा. रक्कम योग्य रकान्यात आहे का. काही वेळा अ‍ॅक्सेसरीजची रक्कम सरळ गाडीच्या आयडीव्हीत मिसळलेली सापडते, मग स्टिरिओ चोरीला गेल्यावर त्याचा वेगळा उल्लेख कुठेच नसतो. लागू होण्याची तारीख कोणती आहे. ती पैसे भरल्यानंतरची असते, त्यामुळे मधल्या काळात वस्तूला संरक्षण नसतं. आणि गाडी क्रमांक, चासी क्रमांक, रंग बरोबर आहेत का. चूक असेल तर त्याच दिवशी त्याच ईमेलला उत्तर द्या.

झिरो डेप (सुट्या भागांवर घसारा न कापणारं) किंवा रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेल्यास बिलाची किंमत देणारं) असं अ‍ॅड-ऑन असेल तर ते अ‍ॅक्सेसरीजनाही लागू आहे का, हेही विचारून घ्या. अ‍ॅड-ऑनची कलमं कंपनीगणिक वेगळी असतात.

वायरिंगबद्दल दोन शब्द

सजावट म्हणून केलेल्या कामांत गाडी जाळण्याची ताकद फक्त यात आहे. मूळ एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्या जागी १००/९० वॅटचा बल्ब घातला की मूळ वायर आणि होल्डर तापून वितळतात. ते बेकायदाही आहे. फॉग लॅम्प, हॉर्न, अ‍ॅम्प्लिफायर बसवताना वायर कापून टेप गुंडाळणाऱ्याला थांबवा. त्या गाडीसाठी मिळणारं कपलर, वेगळा रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज, हे तिन्ही मागा आणि बिलावर लिहून घ्या. आग आणि स्वतःहून पेट घेणं हे सर्वसमावेशक पॉलिसीत संरक्षित आहे, पण निव्वळ विद्युत बिघाड वगळलेला आहे. जळालेल्या गाडीत टेप गुंडाळलेले सांधे सापडले की कंपनी या वगळलेल्या विद्युत बिघाडाकडे बोट दाखवते.

साइड एअरबॅग असलेल्या सीटवर सरसकट शिवलेलं कव्हर घालू नका, शिवण फाटणारं खास कव्हर मिळतं. स्टीअरिंग व्हील बदलणं म्हणजे एअरबॅग काढणं. छत कापून सनरूफ बसवणं हा रचनेतला बदल आहे, त्याला सजावट म्हणून कळवू नका.

क्लेमच्या दिवशी

अपघात झाल्यावर घाबरून रॅप सोलू नका, अलॉय बदलू नका. आधी कंपनीला कळवा, फोटो काढा, सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. एन्डॉर्समेंट आणि बिलं सर्व्हेअरच्या हातात स्वतः द्या. वर्कशॉपचा सल्लागार ती फाइलला लावेल असं धरून चालू नका.

किती मिळेल याचा अंदाज आधीच करता येतो. झिरो डेप नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के कापतात, फायबर ग्लासवर ३०, काचेवर काही नाही. १२,००० रुपयांचा नोंदवलेला स्पॉइलर प्लास्टिकचा असेल तर ६,००० धरतात, फायबर ग्लासचा असेल तर ८,४००. म्हणून बिलावर वस्तू कशाची आहे तेही लिहून घेतलेलं फायद्याचं. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के सामान धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात: २०,००० च्या बिलात २,५०० तुमचे. शिवाय दर क्लेमला सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,००० रुपये.

क्लेम नाकारला आणि कारण ‘अनधिकृत बदल’ असं दिलं, तर पहिला प्रश्न हा विचारा की त्या बदलाचा नुकसानाशी संबंध काय. उभ्या गाडीवर झाड पडून छत चेपलं, तर स्पॉइलरने काय केलं? दुसरा मुद्दा: अमलेंदु साहू प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की शर्तीचा भंग झाला म्हणून सगळा क्लेम फेटाळण्याऐवजी तो नॉन-स्टँडर्ड, म्हणजे शर्तीत पूर्ण न बसणारा, धरून ७५ टक्क्यांपर्यंत देता येतो. या दोन गोष्टी घालून आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, मग विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, वकील लागत नाही, फी नाही. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते.

समोरच्या व्यक्तीला इजा झाली असेल तर तिची भरपाई तुमच्या अलॉयमुळे सहसा अडत नाही. थर्ड पार्टीत कंपनीला नकाराची कारणं कायद्याने मोजकीच दिली आहेत. भांडण होतं ते बहुतेक तुमच्या स्वतःच्या गाडीच्या पैशांवर.

वस्तू काढून टाकली तरीही

स्टिरिओ जुन्या गाडीतून काढून नव्या गाडीत घातला, अलॉय विकले, रॅप उतरवला, तर तेही कळवा. नाहीतर नसलेल्या वस्तूचा हप्ता जात राहतो. गाडी विकताना घेणाऱ्याने मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. सौद्याच्या कागदावर कोणत्या वस्तू गाडीबरोबर जाणार आणि कोणत्या तुम्ही काढून घेणार, ते नावानिशी लिहा आणि त्याची प्रत त्याच्या अर्जाला जोडायला लावा.